चिखल्याची स्वच्छ बरणी

माशांच्या पोटातल्या जंतांवर मी पीएचडी केली, हे सांगितलं की समोरच्याचा घास हातातच थांबतो. त्यातून लग्नाची पंगत असेल तर बघायलाच नको. म्हणून हल्ली कोणी विचारलं की मी "मासे" एवढंच सांगते आणि वरण वाढून घेते. पण आज ज्यांच्याविषयी लिहायला बसलेय, त्यांचे उपकार या जंतांपायीच माझ्यावर झाले. तेव्हा जंतांचं नाव टाळून चालायचं नाही. वाचणाऱ्यांनी जेवण आटोपून घ्यावं.

आमचं गाव लाखनीच्या आत, महामार्गापासून थोडं बाजूला. वडील धान पिकवतात. जमीन तलावाच्या खाली असल्यामुळे तलाव म्हणजे घरातलंच माणूस. पावसाळ्यात तो किती भरला यावर दिवाळीचा मूड ठरायचा, आणि उन्हाळ्यात तो आटायला लागला की गावाला मासे मिळायचे. ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, जाळी लागली की आम्ही पोरं तलावाच्या बांधावर, पाळीवर जाऊन बसायचो. लहानपणी मी मरळीच्या पोटातून निघालेला लालसर, वळवळणारा दोरा पाहिला आणि तो काय आहे म्हणून सगळ्यांना विचारत सुटले. कोणी म्हणे आतडं, कोणी म्हणे गांडूळ खाल्लं असेल. "तुले खायचं आहे का विचारायचं आहे?" असं म्हणून आईने विषय संपवला. माझा तो तिथून सुरू झाला.

पुढे प्राणिशास्त्र शिकले आणि साकोलीच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. तासिका तत्त्व म्हणजे काय ते ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना नाही त्यांनी सुखात राहावं. तिथली एक कायम जागा निघणार असं बोललं जात होतं. पीएचडी हातात असेल तरच त्या जागेसाठी उभं राहता येणार होतं. माझे मार्गदर्शक सर नागपूरचे. विषय ठरला तो असा: भंडारा जिल्ह्यातल्या तलावांमधल्या माशांत कोणकोणते परजीवी कृमी आहेत, आणि कोणत्या तलावात कोणते.

ऐकायला हे किळसवाणं वाटतं, पण मला अजूनही त्यात फार सुंदर काहीतरी दिसतं. आपल्याकडचं पाणी बारा महिने उबदार, म्हणून कृमींना इथे सुट्टी नसते. मरळीच्या आतड्यात काटेरी डोक्याचे असतात, ते आतड्याच्या भिंतीत डोकं रुतवून बसतात. पानासारखे चपटे असतात. कल्ल्यांवर तर इतके बारीक असतात की सूक्ष्मदर्शकाखाली धरल्याशिवाय कळतही नाहीत. त्यातल्या काही चपट्यांचं आयुष्य तीन घरांत जातं: आधी गोगलगाय, मग मासा, मग तो मासा खाणारा बगळा किंवा पाणकावळा. बगळ्याच्या विष्ठेतून अंडी पुन्हा पाण्यात. या तिघांपैकी एक जरी कमी पडला तरी त्या किड्याचा वंश तिथेच खुंटतो. म्हणजे एखाद्या तलावातल्या माशात असे कृमी भरपूर सापडले, तर तिथे गोगलगायी आहेत, पक्षी येतात, तलाव जिवंत आहे असं समजायचं. नागझिऱ्याच्या बाजूच्या तलावांत पक्षी जास्त, तिथे हे चपटेही जास्त. जिथे बाहेरून विकतचं मत्स्यबीज आणून सोडलेलं, तिथे माशांच्या अंगावर उवा. एकाच जातीचा मासा, पण तलाव बदलला की त्याच्या पोटातले भाडेकरू बदलतात. मला हे कळलं तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला धरून सांगत होते. दोन दिवसांनी लोक मला चुकवायला लागले.

अडचण एकच होती. जिल्हा लांबरुंद, आणि मी एकटी, तेही तास सांभाळून. मासा मेला की आतले कृमीही लवकर विरतात, त्यामुळे मासे साकोलीला आणून कापण्यात अर्थ नव्हता. जिथे मासा निघेल तिथेच त्याचं आतडं आणि कल्ले फॉर्मॅलिनमध्ये पडायला हवेत. मग मी एक पद्धत बसवली. ओळखीच्या माणसांकडे फॉर्मॅलिन भरलेल्या प्लास्टिकच्या बरण्या ठेवल्या. सांगणं साधं होतं: आतडं उभं चिरायचं, म्हणजे औषध आत पोचेल, आणि कल्ल्यांसकट जसंच्या तसं बरणीत टाकायचं. झाकण घट्ट लावून बरणी एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायची.

आणि लोकांनी ते केलं. याचं मला आजही नवल वाटतं. तलावाच्या पाळीवर ऊन चढलेलं असताना, गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना, ढिवरांच्या बायका माझ्यासाठी विळीवर माशाचं आतडं वेगळं चिरायच्या. त्यांना यातून काहीच मिळणार नव्हतं. एसटीचे ड्रायव्हर त्या बरण्या सीटच्या मागे उभ्या ठेवून आणायचे, आणि एकाने तर झाकण सैल दिसलं म्हणून स्वतःच्या रुमालाने बांधून आणली होती. घरी वडिलांनी धानाच्या बियाण्याशेजारची फळी रिकामी करून दिली. "बियाणं बियाण्याजवळ राहू दे," म्हणाले. आईने मात्र त्या खोलीत पाय टाकणं सोडलं. बरण्यांतून माती यायची, खवले यायचे, एकीतून तर कढीपत्ता आला. माझी चिडचिड व्हायची. मी मुळातच तापट आहे, आणि त्या काळात तर फोनवर लोकांशी बोलताना माझा आवाज कुठल्या कुठे जायचा. तरी पुढच्या आठवड्यात बरणी यायचीच. इतक्या माणसांनी माझा त्रास असा मुकाट्याने सोसला, त्यांचे आभार मानायला माझ्या प्रबंधाची दोन पानं कमीच पडली.

या सगळ्यांत एकच बरणी अशी होती की तिच्याबद्दल मी कधी चिडले नाही. चिखल्याची.

चिखल्याला माझी आत्या राहते, वडिलांची सख्खी बहीण. मामंजी, म्हणजे आत्याचे यजमान, मॅंगनीजच्या खाणीत जमिनीखाली कामाला होते. खाण कामगारांच्या वसाहतीत त्यांचं घर. जिल्ह्याच्या त्या टोकाला माझ्या ओळखीचं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून बरणी तिच्याकडे दिली. आत्या माळकरी. गळ्यात तुळशीची माळ घातली त्याला बरीच वर्षं झाली, तेव्हापासून तिच्या घरात मासा शिजलेला नाही. पण शेजारीण मासेखाऊ, रविवारी नाक्यावर जवळच्या गावतलावातले मासे विकायला आले की ती घ्यायची. तीच कापून देत असेल आणि आत्या फक्त बरणी गाडीत ठेवून देत असेल, असं मी धरून चालले होते. बरणी चिखल्याहून काळीपिवळी जीपने तुमसरला यायची, तिथून भंडारा, तिथून साकोली. एवढा प्रवास करूनही ती अशी यायची की बघत राहावं. ना माती, ना खवला. आतडी सरळ चिरलेली, कल्ले नीट वेगळे. मी ती बरणी विभागातल्या सगळ्यांना दाखवायचे, काम असं करावं म्हणून. पोचल्याचा फोन केला की आत्या दर वेळी विचारायची, परीक्षा कधी आहे.

आणि त्या बरणीत कृमी नसायचे.

आधी वाटलं योगायोग. मग पुढची बरणी, त्याच्या पुढची. तीच मरळ, तोच काटवा, बाकी जिल्ह्यात किड्यांनी गच्च भरलेला, आणि चिखल्याचा मासा मात्र रिकामा. वर्ष होत आलं. जिल्ह्याच्या नकाशावर सगळ्या तलावांवर मी रंगीत ठिपके देत गेले, आणि उत्तरेच्या टोकाला एक जागा कोरी राहिली. सरांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकले. तिथल्या मातीत मॅंगनीज आहे, त्यामुळे पाण्यात गोगलगायी टिकत नसतील, गोगलगाय नाही म्हणून कृमी नाही, असं काहीतरी असू शकेल. "हे टिकलं," सर म्हणाले, "तर तुझा प्रबंध लोक या एका कोऱ्या जागेसाठी वाचतील." त्या दिवशी मी साकोलीच्या स्टँडवर उभ्या उभ्या पेढे घेतले आणि ज्यांना कारण कळणार नव्हतं त्यांनाही वाटले. प्रबंध वेळेत जाणार होता, जागेसाठी अर्ज करता येणार होता, आणि वर नाव होणार होतं.

आठवड्याने सरांचा फोन आला. आवाज उतरलेला. "एक शंका आहे. कल्ल्यांवरच्या कृमींना गोगलगाय लागत नाही. ते सरळ माशावरून माशावर जातात. मग तेही का नाहीत?" मी म्हटलं, असेल काही पाण्यातच. सर म्हणाले, "असेल. पण तू स्वतः जा आणि स्वतःच्या हाताने मासा काप." मला राग आला. सरांचा आला, कारण त्यांचं म्हणणं बरोबर आहे हे मला ऐकता ऐकताच कळलं होतं.

रविवारी सकाळी निघाले. आत्याला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तिने पुरणाचा घाट घातला असता. तुमसरहून पुढे जाणाऱ्या काळीपिवळीत मांडीवर सूक्ष्मदर्शकाची पेटी घेऊन बसले. शेजारच्या बाईने विचारलं, शिलाई मशीन का? मी हो म्हणून टाकलं.

घराचं पुढचं दार बंद होतं, म्हणून वसाहतीच्या मागच्या गल्लीने गेले. आत्या मागच्या नळाजवळ बसली होती. समोर परात. एका बाजूला चुलीतली राख, एका बाजूला खडेमीठ, गंजात, म्हणजे पातेल्यात, गरम पाणी. नाकावर पदर बांधलेला. गळ्यातली माळ तिने फिरवून पाठीवर टाकली होती, पुढे लोंबून परातीला लागू नये म्हणून. परातीत माशाची आतडी आणि कल्ले. ती एकेक उचलून राखेने चोळत होती, धुवत होती, आणि डोक्यातली पिन काढून तिच्या टोकाने आतला एकेक किडा उचलून बाजूला टाकत होती. बाजूला कोंबडी उभी होती. किडा पडला की टिपत होती.

माझं वर्षभराचं काम ती कोंबडी खात होती.

मी तिथेच पायरीवर बसले. आत्याने मला पाहिलं, तिचे डोळे हसले. "अवं माय, सांगून तं यायचं होतं. पाहा, तुझंच करून राहिली." तिने धुतलेलं आतडं वर धरून दाखवलं. स्वच्छ, पांढरं, अगदी माझ्या बरणीत असायचं तसं.

"आत्या, हे काहून धुतं तू?"

"काहून म्हणजे? तूच तं म्हणली होती, मासोळीचे आजार पाहते म्हणून. डॉक्टरकडे नेताना लेकराले आंघोळ घालूनच नेतो ना आपण? का शेंबडं नेतो?" आणि जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाली, "आत लय घाण असते, पोरी. जंत असतात. शिकलेली पोरगी तू, तुले कायले हात लावायले लावू त्याले."

शेजारीण? मी विचारलं. शेजारीण मासे घेते, तिच्याकडून आत्या आतडी आणि कल्ले परातीत मागून आणते. चिरते, धुते ती आत्याच. दर रविवारी. शेजारणीला एकदा सांगून पाहिलं होतं, पण ती घाईघाईत करते, घाण राहते, म्हणून मग आत्याने ते आपल्याच हातात घेतलं. मांस शिवायचं नाही म्हणून माळ घातलेली बाई वर्षभर दर रविवारी, नाकाला पदर लावून, माझ्यासाठी माशाची आतडी राखेने घासत होती.

सांगावं की नाही, हे मला कळेना. नाही सांगितलं तर पुढची बरणीही अशीच येणार. राग तर आलाच होता, खोटं कशाला बोलू. पेढे आठवले, सरांची पुढे सरकलेली खुर्ची आठवली, आणि डोळ्यांत पाणी आलं ते आधी माझ्यासाठीच. मग म्हटलं, "आत्या, मले तेच जंत पायजे होते."

तिने पदर खाली केला. माझ्याकडे पाहिलं, मग कोंबडीकडे. "हे?"

"हेच."

"याचा अभ्यास करते तू?"

"याचाच."

परातीतल्या पाण्यात तिचा हात तसाच होता. "मंग आतापर्यंतच्या बरण्या..." एवढंच म्हणाली. मी म्हटलं, काही बिघडलं नाही, होतं असं. ती माझ्या बापाची बहीण, तिला माझा चेहरा वाचता येतो. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "सोन्यासारखं काम केलं समजून होती मी." तेव्हा मात्र माझ्या डोळ्यांतलं पाणी तिच्यासाठी आलं.

मग आम्ही दोघींनी काम केलं. परातीत अजून एका मरळीचं आतडं न धुतलेलं होतं, कल्लेही होते. मी कोंबडीला हाकललं, पेटी उघडली, सूक्ष्मदर्शक ओट्यावर ठेवला. कल्ल्यांवर ते होते. आतड्यात काटेरी डोक्याचे होते. आतड्याला लागून आलेल्या यकृतात चपटे होते. चिखल्याचा मासा जिल्ह्यातल्या कुठल्याही माशाइतकाच भरलेला निघाला. गोगलगायीही तिथल्या तलावात असणारच होत्या. कोरी जागा कुठेच नव्हती, आत्याची परात सोडून. मी तिला डोळा लावायला सांगितलं. तिने आधी पदराने काच पुसली, मग वाकली. काटेरी डोक्याचा किडा तिने कितीतरी वेळ पाहिला. "अवं, याले तं मुकुट आहे," म्हणाली.

दुपारी तिने आंघोळ केली, लुगडं बदललं, माळ पुढे घेतली, आणि वरणभात वाढला. मामंजी खाणीतून आले तेव्हा तिने त्यांना काहीच सांगितलं नाही, मीही नाही. जेवताना मी हिशेब मांडत होते. चिखल्याच्या सगळ्या बरण्या बाद. तिथलं काम पहिल्यापासून, सगळे ऋतू पुन्हा. म्हणजे प्रबंध त्या जागेच्या जाहिरातीआधी जात नाही. पुढे झालंही तसंच, ती जागा दुसऱ्याला गेली आणि माझी पाळी फार नंतर आली. आज मी त्याच महाविद्यालयात कायम आहे, म्हणून हे शांतपणे लिहू शकते. त्या दिवशी मी वरणभात नुसता चिवडत होते.

आत्याने विचारलं, "आता किती दिवस लागतीन?"

"चिखल्याचं सगळं पुन्हा करावं लागेल. वर्ष तरी." आणि लगेच म्हटलं, "पण तू नको करू, आत्या. मी शेजारणीले समजावून सांगते. नाहीतर दुसरं कोणी पाहते. तुझी माळ आहे."

"ती किडा दिसला का फेकून देईन. तिले काय पडलं आहे."

"तरी. तुले पाप लागेल असं वाटत नाही का?"

ती उठून देवघराजवळ गेली. तिथे कोनाड्यात विठोबाची छोटी मूर्ती होती. तिने समईत तेल घातलं, वात सारखी केली, आणि माझ्याकडे न पाहता सांगायला लागली. पहिली बरणी आली त्याच दिवशी तिने देवाशी बोलून घेतलं होतं. माझ्या भावाची पोरगी शिकून राहिली, तिची परीक्षा होईपर्यंत माझा हात विटाळेल, तेवढं समजून घे. परीक्षा झाली की उपास करीन, हात धुऊन मोकळी होईन. माझ्या परीक्षेची तारीख ती दर वेळी फोनवर का विचारायची, ते मला तेव्हा कळलं. मी त्याला आत्याचं कौतुक समजत होते. ती देवाला दिलेला शब्द मोजत होती.

मी फक्त म्हटलं, "आत्या, वर्ष म्हणजे लय झालं."

"हो तं," ती म्हणाली. वात नीट लागली का ते तिने वाकून पाहिलं, आणि मूर्तीसमोर हात जोडले. "सांगीन त्याले, आणखी एक वर्ष थांब म्हणून. ऐकते तो."